गामाच्या शिडावरचा लाल क्रॉस आणि राजा दिनिशची हिकमत

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वास्को द गामाचं जहाज असायचं. वाऱ्याने फुगलेली पांढरी शिडं आणि त्यांवर हा भला मोठा लाल क्रॉस. वर्गात एकाने तो दवाखान्याचा क्रॉस असल्याचं ठासून सांगितलं होतं. बाईंनी "ते लोक ख्रिस्ती होते ना, म्हणून" एवढ्यावर विषय मिटवला. बाईंचं म्हणणं चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. तो क्रॉस नुसती धर्माची खूण नव्हती. एका ठरावीक संस्थेचं ते चिन्ह होतं, आजच्या भाषेत लोगोच म्हणा. गामा १४९७ साली लिस्बनहून निघाला तेव्हा त्या संस्थेला पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली होती. आणि आज, २१व्या शतकात, त्याच नावाचं आणि त्याच लाल क्रॉसचं पदक पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष लोकांना देतात. पोर्तुगाल १९१० पासून प्रजासत्ताक आहे, राजाबिजा कोणी नाही. तरी हे पदक एका राजाच्या १३१९ सालच्या खटपटीतून आलेलं आहे.

त्या राजाचं नाव दिनिश. इंग्रजी पुस्तकांत तो 'डेनिस' होतो.

पण त्याच्याकडे वळण्याआधी एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' यातल्या 'ऑर्डर'ला मराठीत एक शब्द नाही. मध्ययुगातली ऑर्डर म्हणजे माणसांचा संघ: दीक्षा घेतलेले, नियमाने बांधलेले, एका प्रमुखाच्या हुकमात राहणारे लोक. आजची ऑर्डर म्हणजे छातीवर लावायचं पदक. पहिल्या अर्थी माणूस ऑर्डरमध्ये जातो, दुसऱ्या अर्थी ऑर्डर माणसाकडे येते. युरोपातल्या सन्मानांची अर्धी गुंतागुंत या एका शब्दाने अर्थ बदलल्यामुळे झाली आहे.

पहिला अर्थ समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. नाशिकच्या कुंभमेळ्यात नागा साधूंचे आखाडे शाही स्नानाला निघतात ते आठवा. संन्यासी आहेत, पण हातात शस्त्रं आहेत. संसार सोडलेला आहे, पण आखाड्याच्या नावावर जमीनजुमला आहे, महंत आहेत, आपापलं निशाण आहे. युरोपातल्या लष्करी ऑर्डरी साधारण याच जातीच्या. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेले, घोड्यावर बसून तलवार चालवणारे साधू. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला आखाडा म्हणजे टेम्पलर. १२व्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेममध्ये तो स्थापन झाला आणि बघता बघता युरोपभर पसरला. पोर्तुगालमध्ये मूर मुसलमानांशी चाललेल्या लढायांत टेम्पलर राजाच्या बाजूने लढले आणि बदल्यात त्यांना गावं, किल्ले, शेतजमिनी मिळत गेल्या. तोमार गावचा त्यांचा किल्ला ११६० चा.

१२४९ पर्यंत पोर्तुगालने अगदी दक्षिणेचा आल्गार्व प्रांतही जिंकला. घरातली लढाई संपली, पण साधूंच्या नावावरच्या जमिनी तशाच राहिल्या.

दिनिश गादीवर आला १२७९ मध्ये. इकडे देवगिरीला रामदेवराय यादव राज्य करत होता, तो हाच काळ. पोर्तुगालमध्ये दिनिशला 'लाव्राडोर' म्हणतात, म्हणजे शेतकरी. पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचं त्याला वेड होतं आणि लैरियाच्या पाइनच्या जंगलाशी त्याचं नाव कायमचं जोडलेलं आहे. १२९० मध्ये त्याने देशातलं पहिलं विद्यापीठ काढलं, तेच पुढे कोइंब्राला गेलं. दरबाराची कागदपत्रं लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत लिहायला त्याने लावली. स्वतः कविता करायचा, त्याच्या शंभराहून जास्त रचना आजही उपलब्ध आहेत. १२९७ मध्ये शेजारच्या कास्तीलशी तह करून त्याने सरहद्द आखली आणि ती थोड्याफार फरकाने आजही तीच आहे. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की हा माणूस हिशेबी होता. जमिनीचा तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, याकडे त्याचं बारीक लक्ष असायचं.

१३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने आपल्या राज्यातल्या टेम्पलरांना एकाच दिवशी पकडलं. आरोप पाखंडाचे होते. खरं कारण टेम्पलरांचा पैसा आणि फिलिपच्या डोक्यावरचं कर्ज होतं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. शेवटी पोप पाचवा क्लेमेंट याने १३१२ मध्ये टेम्पलर संघच बरखास्त केला. मग प्रश्न आला मालमत्तेचा. पोपने सांगितलं, ती हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या लष्करी संघाला द्यावी. स्पेन-पोर्तुगालकडच्या राज्यांचा निर्णय मात्र लांबणीवर टाकला.

दिनिशच्या दृष्टीने हे संकटच होतं. पोर्तुगालसारख्या छोट्या देशातला एवढा मोठा मुलूख दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संघाकडे गेला असता, तर त्याच्या प्रमुखाची निष्ठा पोर्तुगालच्या राजाशी असण्याचं काही कारण नव्हतं. उत्पन्न बाहेर, हुकूम बाहेरचा. म्हणून त्याने दोन कामं एकदम सुरू केली. एकीकडे, या जमिनी मुळात राजांनीच दिलेल्या आहेत, तेव्हा संघ नाही तर जमीन परत सरकारजमा, असा दावा लावला. दुसरीकडे पोपकडे वकील पाठवून घासाघीस चालू ठेवली. फ्रान्ससारखी टेम्पलरांची जाळपोळ पोर्तुगालमध्ये झाली नाही.

वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या. मधल्या काळात पोप बदलला. आव्हिन्यों शहरात बसलेल्या नव्या पोपने, बाविसाव्या जॉनने, अखेर १४ मार्च १३१९ रोजी आज्ञापत्र काढलं: पोर्तुगालसाठी एक नवा संघ स्थापन करावा आणि टेम्पलरांची तिथली मालमत्ता त्याला द्यावी. हीच ऑर्डर ऑफ क्राइस्ट.

पोपसमोर दिनिशने मांडलेली सबब मला फार आवडते. आल्गार्वच्या किनाऱ्याला मूरांचा धोका आहे, तिथे धर्मरक्षक योद्धे हवेत, असं त्याचं म्हणणं. म्हणून नव्या संघाचं ठाणं देशाच्या दक्षिण टोकाला, काश्त्रु मारीं इथे ठरलं. १३५७ मध्ये ते गुपचूप तोमारला हललं, म्हणजे टेम्पलरांच्याच जुन्या किल्ल्यात. अनेक जुने टेम्पलर नव्या संघात सामील झाले होते. चिन्हही जवळपास तेच: लाल क्रॉस, फक्त त्याच्या आत आता एक बारीक पांढरा क्रॉस आला. दुकान तेच, माल तोच, पाटी नवी आणि गल्ल्यावर बसणारा माणूस राजाच्या विश्वासातला. पहिला प्रमुख जील मार्तिंश हा तर दुसऱ्याच एका पोर्तुगीज संघातून, आविस संघातून आणून बसवला होता.

या हिकमतीचं फळ दिनिशला स्वतःला फारसं चाखता आलं नाही. १३२५ मध्ये तो वारला. फळ खाल्लं पुढच्यांनी.

त्यासाठी संघाचा पैसा कसा फिरायचा ते बघू. संघाच्या मालमत्तेचे तुकडे पाडलेले असायचे, एकेका तुकड्याला 'कोमेंदा' म्हणत. संघातल्या एखाद्या मातब्बर शिलेदाराला कोमेंदा नेमून दिली, की तिथलं उत्पन्न तो खाणार आणि बदल्यात सेवा करणार. आपल्याकडच्या सरंजामाशी हे बरंच जुळतं. जमीन त्याच्या मालकीची नाही, उत्पन्न नोकरीपुरतं. असा कोमेंदा सांभाळणारा तो 'कोमेंदादोर'. हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

अशा श्रीमंत संघाची गादी कोणाकडे आहे, याला मग भलतंच महत्त्व आलं. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री, ज्याला आपण 'दर्यावर्दी हेन्री' म्हणून ओळखतो, तो संघाचा प्रशासक झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने पोर्तुगीज जहाजं खाली सरकू लागली ती त्याच्या काळात आणि त्या मोहिमांना संघाच्या उत्पन्नाचा हातभार लागला. शिडांवर संघाचा क्रॉस आला तो इथून. १४५६ मध्ये पोपने समुद्रापारच्या नव्या मुलुखांवरचे धार्मिक अधिकारही ऑर्डर ऑफ क्राइस्टला दिले. गामाला पाठवणारा राजा मानुएल हा तर राजा होण्याआधीपासूनच या संघाचा प्रमुख होता. गंमत अशी, की खुद्द गामा तेव्हा या संघाचा सदस्यच नव्हता. तो सांतियागो या प्रतिस्पर्धी संघातला. शिडावर एका आखाड्याचं निशाण आणि सुकाणूपाशी दुसऱ्या आखाड्याचा माणूस! पुढे १५०७ मध्ये त्याने संघ बदलला आणि ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये आला.

१५५१ मध्ये पोपने ऑर्डर ऑफ क्राइस्ट, आविस आणि सांतियागो या तिन्ही संघांचं प्रमुखपद पोर्तुगालच्या राजगादीला कायमचं जोडून टाकलं. आता राजा म्हणजेच तिन्ही आखाड्यांचा महंत. या सगळ्या हकिकतीत एकच तारीख लक्षात ठेवायची तर मी १३१९ पेक्षा ही ठेवेन. दिनिशने जे आडवळणाने साधलं होतं, ते इथे उघड आणि कायम झालं.

आता जरा घराकडे. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ चा, १५५७ मध्ये त्याला आर्चबिशपचा दर्जा मिळाला. तिथला बिशप कोण असावा हे पोपला सुचवण्याचा अधिकार पोर्तुगालच्या राजाचा होता. त्या व्यवस्थेला 'पाद्रुआदो' म्हणतात. राजाला हा अधिकार मिळण्याचा एक मोठा आधार म्हणजे तो ऑर्डर ऑफ क्राइस्टचा प्रमुख होता आणि समुद्रापारची चर्चं कागदोपत्री त्या संघाच्या छायेत होती. बदल्यात चर्चं बांधणं, पाद्र्यांना पोसणं ही जबाबदारी राजाची. गोव्यात धर्म आणि सरकारी खजिना एकमेकांत एवढे गुंतले त्याचं मूळ शोधत गेलं, तर वाट तोमारच्या किल्ल्यापर्यंत जाते. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही हा पीळ सुटला नाही. शेजारशेजारच्या चर्चांपैकी एक पाद्रुआदोच्या, म्हणजे पोर्तुगालने नेमलेल्या बिशपच्या हुकमात, तर दुसरं थेट रोमने नेमलेल्याच्या, असा दुहेरी कारभार इथल्या ख्रिस्ती समाजाने कित्येक पिढ्या सोसला आणि त्यावरून भांडणंही मनसोक्त केली. १९२८ च्या करारात तो मिटवण्यात आला. भारतातल्या नेमणुकांवरचा उरलासुरला हक्क पोर्तुगालने सोडला तो १९५० मध्ये.

आता मूळ प्रश्न: संघाचं पदक झालं कसं?

एका दिवसात झालं नाही. राजा महंत झाल्यावर संघाची वस्त्रं आणि क्रॉस हे बक्षीस द्यायचं साधन बनलं. भारतात, आफ्रिकेत लढून आलेले लोक राजाकडे अर्ज करायचे: एवढी वर्षं चाकरी केली, अमुक लढाईत जखमी झालो, मला क्रॉस मिळावा. ब्रह्मचर्याची अट तर आधीच गळाली होती, १५व्या शतकाच्या अखेरीस ऑर्डर ऑफ क्राइस्टच्या शिलेदारांना लग्नाची मुभा मिळाली होती. एक अट गेली, दुसऱ्या आल्या. १५७० नंतर उमेदवाराच्या वाडवडिलांत ज्यू किंवा मुसलमान रक्त नाही ना, घरात कोणी हातकाम करून पोट भरलेलं नाही ना, याची चौकशी होऊ लागली. म्हणजे क्रॉस मिळाला की नुसती इज्जत नाही, कुळ शुद्ध असल्याचा सरकारी दाखलाच मिळायचा. तो एवढा हवाहवासा का झाला, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१७८९ मध्ये राणी पहिली मारिया हिने तिन्ही संघांची फेररचना केली. धार्मिक अंग जवळपास संपवलं, कोणता सन्मान कोणत्या सेवेसाठी हे ठरवून दिलं. तिन्ही संघांचा मिळून एक पट्टाही तेव्हाच आला, तो राज्यप्रमुखासाठी. १८३४ मध्ये, यादवी युद्धानंतर, उदारमतवादी सरकारने देशातले धार्मिक संघ बरखास्त केले, मठांची मालमत्ता सरकारजमा केली. तोमारचा मठ रिकामा झाला. दिनिशने ज्या जमिनींसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या जमिनी गेल्या आणि क्रॉस तेवढा उरला. संघाचा फक्त लोगो शिल्लक राहिला म्हणा ना.

१९१० च्या ऑक्टोबरात क्रांती झाली, राजा देश सोडून गेला आणि नव्या प्रजासत्ताकाने दहा दिवसांत राजेशाहीचे सन्मान रद्द करून टाकले. समानतेच्या राज्यात शिलेदार आणि कोमेंदादोर कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. एकच ऑर्डर वगळली, 'मनोरा आणि तलवार' नावाची, शौर्यासाठीची.

पण १९१६ मध्ये पोर्तुगाल पहिल्या महायुद्धात उतरला. सैनिकांना, अधिकाऱ्यांना गौरवायचं कशाने? मित्रराष्ट्रांचे सेनापती भेटीला आले की त्यांच्या छातीवर लावायचं काय? ते आपली पदकं देणार आणि आपण नुसता हात मिळवणार, हे बरं दिसत नाही. ज्यांनी रद्द केलं होतं त्याच प्रजासत्ताकाने १९१७-१८ मध्ये आविस, ऑर्डर ऑफ क्राइस्ट आणि सांतियागो परत आणल्या, आता गुणवत्तेचे सन्मान म्हणून. वाडवडिलांची चौकशी नाही, दीक्षा नाही, जमीन तर नाहीच.

आजची मांडणी २०११ च्या कायद्याने ठरलेली आहे. जुन्या लष्करी ऑर्डरी चार: 'मनोरा आणि तलवार', क्राइस्ट, आविस, सांतियागो. त्यांच्या जोडीला आधुनिक ऑर्डरी आहेत, जसं की राजपुत्र हेन्रीच्या नावाची १९६० ची आणि हुकूमशाही गेल्यानंतरची, १९७६ ची, स्वातंत्र्याची ऑर्डर. आविस फक्त सैन्यदलांसाठी. सांतियागो साहित्य, विज्ञान आणि कलेसाठी, म्हणजे गामाचा जुना आखाडा आता कवी-शास्त्रज्ञांकडे गेला. आणि क्राइस्ट ही राज्यकारभार, न्यायदान, परराष्ट्रसेवा यांतल्या ठळक कामगिरीसाठी. लष्करी हे विशेषण नावात आहे, पण मिळते ती मुख्यतः मंत्री, न्यायाधीश, राजदूत अशा लोकांना. दर्जे आहेत, जसे की महाक्रॉस, महाअधिकारी, मग आपला ओळखीचा कोमेंदादोर, त्याखाली अधिकारी आणि शिलेदार. बाई असेल तर शिलेदाराच्या जागी 'दामा'. आजच्या कोमेंदादोराला कोमेंदा मिळत नाही, गळ्यात फीत आणि क्रॉस मिळतो. परदेशी लोकांनाही हे सन्मान दिले जातात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर काढूनही घेतले जातात.

आणि या सगळ्या ऑर्डरींचा 'महागुरू' कोण? देशाचा राष्ट्राध्यक्ष. लोकांनी मतदान करून निवडलेला माणूस पदाच्या नात्याने आविस, क्राइस्ट आणि सांतियागोच्या प्रमुखाच्या जागी बसतो, जिथे १५५१ पासून राजा बसत होता.

मग आजची ऑर्डर ऑफ क्राइस्ट ही दिनिशचीच म्हणायची का? सलगतेचा दावा सरकारी भाषणांत हौसेने केला जातो. पण संघ दोनदा मोडला, दीक्षा गेली, जमिनी गेल्या, उद्देश बदलला. माझ्या मते नाव आणि क्रॉस हे दुवे खरे असले तरी कच्चे आहेत. पक्का दुवा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत आहे. हा संघ बाहेरच्या कोणाच्या हाती न जाता राज्यप्रमुखाच्या मुठीत राहिला पाहिजे, ही दिनिशची मूळ इच्छा. सातशे वर्षांत बाकी सगळं बदललं, तेवढी एक तजवीज टिकली.

सगळ्याच देशांत दुवा एवढाही खरा नसतो. 'मनोरा आणि तलवार'चा संबंध १४५९ च्या एका राजाशी जोडतात, पण आज दिसते ती ऑर्डर घडली १८०८ मध्ये. नेपोलियनच्या फौजांपुढे पोर्तुगालचं राजघराणं ब्राझीलला पळालं होतं, तेव्हा ती उभी केली गेली. नॉर्वेची सेंट ओलाव ऑर्डर ११व्या शतकातल्या राजाच्या नावाची, पण स्थापना १८४७ ची. ओलावने स्वतः कोणाला पदक दिलं नव्हतं. तो प्रकार आपल्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारासारखा: नाव राजाचं, संस्था आजची. दिनिशचं तसं नाही. त्याची ऑर्डर तर आहे, पण तिला त्याचं नावच नाही.

१३१९ च्या तडजोडीला एक दुसरा वारसही होता. त्या आज्ञापत्राच्या आधारावर पोप स्वतःही या संघात लोकांना घेत राहिले आणि १९०५ मध्ये त्यांनी आपली 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' व्हॅटिकनचा सर्वोच्च सन्मान ठरवली. ती शेवटची दिली गेली १९८७ मध्ये, आणि आता तिचा एकही मानकरी हयात नाही. लिस्बनकडची शाखा मात्र चालू आहे. १० जूनच्या राष्ट्रीय दिनाच्या फोटोत राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर पट्टा दिसला तर त्याचे रंग बघा: क्राइस्टचा लाल, आविसचा हिरवा, सांतियागोचा जांभळा. हा तीन ऑर्डरींचा पट्टा फक्त राष्ट्राध्यक्षाने घालायचा आणि तोही मुदत चालू असेपर्यंतच. कोमेंदा जशी चाकरीपुरती, तसा.